दुसऱ्याचे घर झाडण्याची मजुरी किती मागावी?

समजा, तालुक्याच्या गावी एका गृहस्थाचे पाच खोल्यांचे घर आहे. घरचे लोक परगावी राहत असल्यामुळे ते तीन वर्षे बंद होते. आता घरात लग्नकार्य निघाले आहे, म्हणून ते झाडून, पुसून, धुऊन काढावयाचे आहे. जवळच्या खेड्यातील एका बाईस निरोप जातो. ती येऊन घर पाहते. आढ्याखाली जळमटे लोंबत आहेत, मोरीत शेवाळ धरले आहे, शौचकूप तर पाहवत नाही. मालक विचारतो, “काय घेशील?” ती खाली पाहून म्हणते, “तुम्ही द्याल ते द्या, मालक.” पुढे ती आपल्या मुलीस बरोबर घेऊन दोन दिवस राबते; आणि शेवटी तिच्या हातावर काही रुपये व एक जुने लुगडे पडते. ती घरी येऊन रात्रभर मनात कुढते. मालकास मात्र वाटते की, आपण उदारपणे वागलो.

वाचकहो, येथे चूक कोणाची? पुष्कळ जण मालकास कृपण म्हणून मोकळे होतील. परंतु “तुम्ही द्याल ते” ह्या पाच अक्षरी नम्रतेतही दोष आहे, आणि तो नीट पाहिल्यावाचून मजुरी किती मागावी ह्या प्रश्नाचा उलगडा होणार नाही.

हे बोलणे आपल्या तोंडी आले कोठून? आपल्या वाडवडिलांस गावकीच्या कामाचा मोबदला बलुत्याच्या रूपाने मिळत असे. काम किती, ह्याला सीमा नव्हती; आणि खळ्यावर किती धान्य पदरात पडेल, हे देणाराच्या मर्जीवर असे. १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी मुंबईच्या कायदे मंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले. बलुत्याचे रोख रकमेत रूपांतर व्हावे, असा त्याचा एक मुख्य हेतू होता. पुढे १९५८ साली मुंबई राज्याने कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा केला. वतने गेली, तथापि हात पुढे करून देणाराच्या तोंडाकडे पाहण्याची सवय कायद्याने जात नाही. “तुम्ही द्याल ते” असे म्हणणारी बाई आपल्या मजुरीस नकळत भिक्षेचे रूप देते. तिच्या श्रमाचा न्याय करण्याचे काम ती अशा मनुष्यावर सोपविते की, ज्याने आयुष्यात कधी मोरी घासली नाही, आणि ज्याचा लाभ कमी देण्यातच आहे. शिवाय मनात एक आकडा धरून तोंडाने तो न बोलणे, आणि मग तो मिळाला नाही म्हणून कुढणे, हे मालकाशीही सरळ वागणे नव्हे.

तर मग किती मागावे? कोणी म्हणेल की, बाजारात जो दर चालतो तोच न्याय्य. ह्या विषयी विद्वानांतही एकमत नाही. ॲडम स्मिथ ह्याने १७७६ साली असे लिहिले की, जे काम घाणेरडे व त्रासदायक, त्याची मजुरी अधिक असते. कारण तसे काम करण्यास लोक सहजी तयार होत नाहीत. हे ऐकण्यास फार गोड आहे. पण १८४८ साली जॉन स्टुअर्ट मिल ह्याने दाखविले की, प्रत्यक्षात पुष्कळदा उलटेच घडते. सर्वांत कष्टाचे व किळसवाणे काम सर्वांत कमी मजुरीवर होते, कारण ते करणारांस दुसरे काम निवडण्याची मोकळीक नसते. आपल्या देशात हे समजावून सांगण्यास पुस्तकाची गरज नाही. जेथे एका माणसास नाही म्हणण्याची सोय नाही, तेथला चालू दर म्हणजे न्याय नव्हे. तो केवळ गरजेचा तोल होय.

तेव्हा बाजारभाव विचारून घ्यावा, परंतु त्याच्यापुढे मान तुकवू नये. आपला हिशेब आपण करावा. तो कठीण नाही. वरील घराचेच उदाहरण घेऊ.

दोघी बायका, दोन दिवस. म्हणजे चार रोज झाले. एका रोजाचे मोल काय धरावे? २०२५-२६ साली रोजगार हमीच्या कामावर महाराष्ट्रात दिवसाची मजुरी ३१२ रुपये ठरली होती. ही खालची पायरी समजावी. घर धुण्याच्या कामात शिडीवर चढणे आहे, शौचकूपाची घाण आहे, हात पोळणारे ॲसिड आहे. आणि काच न फोडता, रंग न खरवडता स्वच्छ करणे, हे एक कसबही आहे. शिवाय असे काम रोज मिळत नाही. ज्या दिवशी काम नाही, किंवा अंगात ताप आहे, त्या दिवशीही चूल पेटवावी लागते. म्हणून कामाच्या दिवसाने रिकाम्या दिवसाचा थोडा भार उचललाच पाहिजे. हे सर्व मनात आणून समजा रोज ४५० रुपये धरला. चार रोजांचे १,८०० झाले. दोघींचे जाण्यायेण्याचे भाडे दोन दिवसांचे १६० रुपये. खराटा, झाडू, फिनेल, सोडा व फडकी स्वतः न्यावयाची असतील, तर त्यांचे २४० रुपये. एकूण २,२०० रुपये. गावोगावी हे आकडे निराळे होतील. पण हिशेबाची रीत हीच.

हा आकडा न्याय्य आहे की नाही, ह्याची एक सोपी परीक्षा आहे. तो मालकासमोर मोठ्याने, बाबवार सांगता आला पाहिजे. जी बाब सांगण्यास आपणास लाज वाटेल ती काढून टाकावी. आणि जी बाब केवळ भीतीमुळे सोडली असेल ती परत घालावी. नंतर मनाने मालकाच्या जागी बसावे आणि आपले घर असते तर हा हिशेब आपण मान्य केला असता काय, हे विचारावे. लोभ आणि भिडस्तपणा हे दोन्ही येथे उघडे पडतात.

आता काही शंका. मालक श्रीमंत असेल तर अधिक मागावे काय? खोल्या अधिक असतील, सामान मोलाचे व जपण्याजोगे असेल, तर अवश्य. पण केवळ त्याच्या अंगावरील कपडे पाहून दर चढविणे बरे नव्हे. उलट, एखाद्या निराधार म्हातारीचे घर असेल तर काय करावे? तिला सूट द्यावी, पण उघडपणे द्यावी. “आजी, माझी मजुरी एवढी होते, त्यातून एवढे मी सोडते,” असे म्हणावे. म्हणजे दान ते दान राहते आणि मजुरी ती मजुरी राहते. मंडळीतील बंधूंच्या घरी हाच नियम लागू आहे. “आपलीच आहे, तिला काय द्यावयाचे?” असे म्हणून काम करवून घेणे हे प्रेम नव्हे. ज्यास प्रीतीने फुकट काम करावयाचे आहे तो करील. ते त्याच्याकडून गृहीत धरण्याचा अधिकार कोणास नाही, उपदेशकासही नाही.

सर्वांत अवघड शंका ही की, “मी एवढे मागितले तर दुसरी बाई कमी पैशांत जाईल.” हे खरे आहे, आणि ते घडणारच नाही असे खोटे आश्वासन आम्ही देत नाही. जिच्या घरी लेकरू उपाशी आहे तिने कमी घेतले, म्हणून तिला दोष देण्याचे धाडस कोणी करू नये. परंतु दोन गोष्टी करता येतात. एक अशी की, मालक घासाघीस करू लागला तर दर न उतरविता काम उतरवावे: “एवढ्याच पैशांत करावयाचे तर खिडक्या व माळा राहू द्या.” दुसरी गोष्ट अशी की, एका वस्तीतील बायकांनी बसून आपसांत दर ठरवावा. १९८० साली पुण्यातील मोलकरणींनी संप केला, तेव्हा त्यांनी पगारवाढीबरोबर आजारपणाची रजाही मागितली. एकटीने मागितले तर तो हट्ट ठरतो. सर्वांनी मिळून मागितले की ती रीत होते. २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याणासाठी मंडळ स्थापण्याचा कायदा झाला, तोही अशा बायकांनी तोंड उघडल्यामुळेच.

आणि ज्यांच्या घरी दुसरे कोणी झाडते, त्यांसही थोडे सांगणे आहे. द्राक्षमळ्याच्या दृष्टांतात धन्याने पहाटे आलेल्या मजुरांशी काम सुरू होण्यापूर्वीच रोज ठरविला होता, ही गोष्ट आपण सहसा ध्यानात घेत नाही. त्याच दृष्टांतातील शब्दांवरून जॉन रस्किन ह्याने आपल्या ग्रंथाचे नाव ठेविले. १९०४ साली गांधीजींनी तो आफ्रिकेत वाचला. आणि वकिलाच्या व न्हाव्याच्या कामाची किंमत सारखीच, हा बोध त्यांनी त्यातून घेतला. तेव्हा “किती कमीत होईल?” असे विचारण्यापूर्वी, हे काम मी स्वतः किती घेऊन केले असते, असे आपल्या मनास विचारावे. ठरलेले पैसे काम संपताच द्यावे; उद्या ये असे म्हणू नये, कारण त्या पैशांवर आजची संध्याकाळ अवलंबून असते. आणि जुने लुगडे द्यावेसे वाटले तर जरूर द्यावे. पण ते मजुरीत धरू नये.

आता ती बाई पुन्हा त्याच दारात उभी आहे असे समजा. मालक विचारतो, “काय घेशील?” ती म्हणते, “दादा, आधी सगळे घर पाहू द्या. मग काय काय करावयाचे व त्याचे किती होतील ते सांगते. पटले तर उद्या सकाळी येऊ.” ह्या बोलण्यात उद्धटपणा नाही, की लाचारीही नाही. कदाचित तो नाही म्हणेल, आणि तिला एसटीने रिकाम्या हाताने परतावे लागेल. तरी त्या दिवशी तिने आपले मोल दुसऱ्याच्या मर्जीवर सोपविले नाही. आणि तिच्या शेजारी उभ्या असलेल्या मुलीने ते ऐकले आहे.