बिनइंजिनाची सूट

पश्चिम किनाऱ्यावर दरवर्षी १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारीला बंदी असते. बंदी यांत्रिक नौकांना आहे. वल्ह्यावर किंवा शिडावर चालणाऱ्या पारंपरिक होड्यांना तिच्यातून सूट आहे. समुद्रात कायक घेऊन गरवायला जायचं खूळ ज्याच्या डोक्यात शिरतं, त्याला पहिल्या काही आठवड्यांतच कोणी ना कोणी अनुभवी माणूस ही सूट समजावून सांगतो. कायकला इंजिन नाही, म्हणजे ती यांत्रिक नौका नाही, म्हणजे आपल्याला बारा महिने रान मोकळं. मी अलीकडेच या छंदात पडलो आणि मलाही हे असंच सांगण्यात आलं. नुसते शब्द पाहिले तर हा युक्तिवाद कदाचित टिकेलही. मला तो पटत नाही. का पटत नाही, हे शोधायला गेलो तेव्हा लक्षात आलं की प्रश्न पावसाळ्यापुरता नाही.

आधी साधनाविषयी. समुद्रात गरवायला वापरतात ती कायक बहुधा 'सिट-ऑन-टॉप' प्रकारची असते: साच्यातून काढलेली, पोकळ, पॉलिथिलीनची, वरच्या बाजूला बसायला खळगा. तिला आरपार भोकं असतात, त्यामुळे लाट अंगावर आली तरी पाणी निघून जातं. नवशिक्याने गळ टाकण्याआधी शिकायचं ते वेगळंच असतं. उथळ पाण्यात कायक मुद्दाम उलटवायची, सरळ करायची, पोटावर झोकून देऊन परत चढायचं. हे हमखास जमेपर्यंत रॉड घरीच ठेवायचा. वल्हं दोरीने कायकला बांधायचं. लाइफ जॅकेट अंगात घालायचं, मागे अडकवून ठेवायचं नाही.

आणि मग वारा. भूगोलाच्या पुस्तकातले खारे वारे आणि मतलई वारे इथे पहिल्यांदा खरे होतात. पहाटेचा मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. किनाऱ्याजवळचं पाणी तो सपाट ठेवतो आणि तुम्हाला नकळत आत नेतो. परत फिरलात की तोच तोंडावर येतो. दुपारी खारा वारा सुटला की तो किनाऱ्याकडे ढकलतो खरा, पण लाटाही उभ्या राहू लागतात. खाडीच्या मुखाशी ओहोटीचा ओढा आणि समोरून येणारी लाट भिडतात. तिथे उधाणाच्या दिवसांत नवख्याने जाऊच नये.

हे सगळं सुरक्षिततेच्या सदरात टाकलं जातं. मला ते नीतीच्या सदरातलंही वाटतं. मी वाहत आत गेलो तर मला आणायला कोण येणार? बहुतेक वेळा जवळच्या गावातली एखादी होडी. तिचं डिझेल जळणार, तिचा त्या दिवसाचा धंदा बुडणार. माझ्या हौसेची किंमत ज्याने चुकवायची, त्याला हौसेत वाटा नाही. म्हणून उलटलेल्या कायकवर परत चढता येणं हे माझं त्या अनोळखी नाखव्याप्रती असलेलं कर्तव्य आहे.

आता सुटीकडे येतो. मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या कामात एक गोष्ट रोज दिसते: जे तपासायचं असतं ते थेट तपासता येत नाही, म्हणून त्याच्या जवळची, मोजता येणारी गोष्ट तपासली जाते. होडीला इंजिन आहे की नाही हे सहज दिसतं. होडीतल्या माणसाला दुसरा पर्याय आहे की नाही, हे दिसत नाही. बिनइंजिनाच्या होडीला सूट देण्यामागे मला दोन कारणं दिसतात. एक, ती लांब जाऊ शकत नाही आणि थोडंच धरते. दोन, तिच्यावर जगणाऱ्या घराला दोन महिने चूल पेटती ठेवायची असते. माझी कायक पहिल्या कसोटीला उतरते. दुसऱ्या कसोटीला मी उतरत नाही. माझा पगार जूनमध्येही होतो.

कायक हा शब्द मुळात आर्क्टिकमधल्या इन्युइट लोकांचा. लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचं कातडं ताणून, शिकाऱ्याच्या अंगाच्या मापाने ती बांधली जाई. तिच्यावर घरं जगत. तीच होडी आज प्लास्टिकची होऊन शहरातल्या गाडीच्या टपावर आली. तिला इंजिन तेव्हाही नव्हतं, आताही नाही. बदलला तो तिच्यात बसणारा.

यावर नेहमीचं उत्तर असतं: माझ्या दोन माशांनी समुद्राला काय फरक पडतो? काही नाही पडत. रेशनच्या रांगेत सुखवस्तू माणसाने पाच किलो तांदूळ उचलला तर देशाचं कोठारही रिकामं होत नाही. पण पावसाळ्यात खाडीत ज्या जिताड्यामागे मी असेन, त्याच जिताड्यावर होडीवाल्याचा आठवडा निघू शकतो. आणखी एक भीती आहे. सॉफ्टवेअरमध्ये एखाद्या सवलतीतून नको ते लोक शिरू लागले की सवलतच आवळली जाते, आणि मग जिच्यासाठी ती होती तीच माणसं बाहेर राहतात. हौशी कायका वाढल्या आणि उद्या नियम कडक झाला, तर मी शनिवारी सिनेमाला जाईन. होडीवाला कुठे जाईल?

जिताड्याचं उदाहरण आणखी एका कारणासाठी घेतलं. हा मासा आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतो आणि काही वर्षांनी मादी होतो. म्हणजे मोठा जिताडा बहुधा मादी असतो. आपल्याकडे पावसाळ्यात तो अंडी घालायला खाडीच्या मुखाशी येतो, आणि एक मोठी मादी लाखो अंडी देऊ शकते. हौशी माणसाला फोटोसाठी सगळ्यात मोठा मासा हवा असतो. तो नेमका तिलाच शोधत असतो, आणि नेमका तेव्हाच.

'मग पकडा आणि सोडून द्या' हा तोडगा आपल्या मंडळींत फार लोकप्रिय आहे. तो दिसतो तितका निर्मळ नाही. २००३ साली लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेनबो ट्राउटच्या डोक्यावर इजा ओळखणाऱ्या चेता असल्याचं दाखवलं. ओठात आम्ल टोचलेले मासे तोंड तळाच्या खड्यांवर घासत होते आणि बराच वेळ खात नव्हते. जेम्स रोझ यांच्यासारख्या संशोधकांनी यावर आक्षेप घेतला: वेदनेची जाणीव व्हायला मेंदूचा जो बाह्यभाग लागतो तो माशाला नाही. वाद मिटलेला नाही. पण ज्याला दुखत असण्याची शक्यता आहे, त्याला केवळ माझ्या थरारासाठी ओढून आणायचं आणि पुन्हा सोडून स्वतःला दयाळू म्हणवायचं, हे मला खाण्यासाठी मारण्यापेक्षा अवघड वाटतं. शिवाय सोडलेला प्रत्येक मासा जगतोच असं नाही. खोल पाण्यातून वर आणलेल्या हेकरूची हवेची पिशवी फुगते; तो पाण्यावर तरंगत राहतो आणि खाली जाऊ शकत नाही.

दुसऱ्या बाजूचाही मुद्दा खरा आहे. बाजारातून सुरमईचे तुकडे घेणारा माझ्यापेक्षा निर्दोष नाही. त्याच्या सुरमईबरोबर जाळ्यात आलेली लहान पिल्लं त्याला दिसत नाहीत, एवढंच. गळाने एक मासा धरणारा निदान पाहतो. माशाचं दार उघडमीट करणारं कल्लं, हातात उतरणारी धडपड, ती थांबवण्यासाठी आपणच केलेला घाव. हे पाहिल्यावर ताटातला मासा टाकून देणं जड जातं. पण नुसतं पाहिल्याने हक्क मिळत नाही. त्याने हिशेब ठेवायची जबाबदारी तेवढी येते.

माझा हिशेब सध्या असा आहे. जून-जुलैत कायक भिंतीला टेकलेली राहील. समुद्रात नाही, खाडीतही नाही. घरात त्या दिवशी जेवढं शिजेल तेवढं मिळालं की रॉड खाली. पकडलेलं विकायचं नाही, कारण त्या बाजारावर माझं पोट नाही. बारीक मासा आला तर सोडायचा, आणि तो सोडता यावा म्हणून गळाचा काटा आधीच चिमट्याने दाबून टाकायचा, हात ओले करून धरायचं, जमल्यास पाण्याबाहेर काढायचंच नाही. मोठी मादी आली तर सोडायची, फोटोशिवाय. खोल पाण्यात हेकरूच्या मागे जायचंच नाही, कारण तिथे सोडणं हे अनेकदा नावालाच उरतं.

एवढं करून मग जायचंच कशाला, असं कोणी विचारेल. मला ते आवडतं म्हणून. या आवडीने कोणाचं भलं होत असल्याचा दावा मी करणार नाही. आवडीला समर्थन नसलं तरी मर्यादा असू शकते, आणि ती कायद्याने आखून देण्याची वाट पाहावी लागत नाही. नारळी पौर्णिमेला कोळी समुद्राला नारळ वाहतात आणि होड्या पाण्यात लोटतात. माझा हंगामही त्यांच्यानंतरच सुरू व्हावा, असं मी ठरवलं आहे. तसं कोणी सांगितलेलं नाही.