रेशमाचे सोवळे

नसरापुराहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील विंझर ज्या मुलखात वसले आहे, तेथे राजगडावर पद्मावती आणि तोरण्यावर मेंगाई अशा दोन देवता नांदतात. या पावसाळी मावळाचे रोजचे वस्त्र म्हणजे घोंगडी. रेशीम येथे आले ते लग्नातल्या शालू-पैठणीच्या आणि देवघरातल्या सोवळ्याच्या रूपाने. शालूविषयी कोणाची तक्रार नाही. परंतु सोवळ्यापाशी येताच एक जुना धर्मप्रश्न उभा राहतो. ज्या परंपरेने अहिंसेला परम धर्म म्हटले, तिनेच जीव घेऊन मिळणाऱ्या वस्त्राला पूजेच्या पाटावर सर्वाधिक मान का द्यावा?

तुतीच्या पाल्यावर पोसलेला रेशीमकिडा स्वतःभोवती एकाच अखंड तंतूचा कोश विणतो आणि त्या तंतूची लांबी पुष्कळदा अर्ध्या किलोमीटरहून अधिक भरते. आतला पतंग कोश भेदून बाहेर पडला, तर हा तंतू तुटतो. म्हणून तो बाहेर पडण्यापूर्वीच कोशाला वाफ किंवा कढते पाणी दाखवितात. पुढे येवल्याच्या मागावर त्या धाग्यांतून बांगडी मोर, आसावली, मुनिया उमलतात. पदराची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसावी म्हणून विणकर प्रत्येक रंगाची निराळी कांडी हाताने फिरवीत बसतो, आणि भरगच्च पदराच्या एका पैठणीत त्याचे महिनेच्या महिने जातात. सौंदर्याची एवढी तपश्चर्या ज्या धाग्यावर होते, त्याचा उगम मात्र मरणात आहे.

कर्मठांचे उत्तर असे, की सुती वस्त्र स्पर्शाने ओवळे होते, रेशमी होत नाही. या उत्तरात शुद्धीचा विचार केवळ स्पर्शापुरता उरतो, आणि वस्तू आली कोठून, हे कोणी विचारीतच नाही. शिवाय मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात कौशेय आणि लोकरी वस्त्र या दोहोंची शुद्धी एकाच खाऱ्या मातीने सांगितली आहे. म्हणजे रेशीमही मळते, आणि या बाबतीत लोकर त्याच्या बरोबरीची आहे. आपल्या घरांतही लोकरीची धाबळी सोवळ्यात चालत आलीच आहे. आणि लोकर कातरली म्हणून मेंढी मरत नाही. तेव्हा पर्याय शोधण्यास परंपरेबाहेर जाण्याचे कारण नाही.

ज्या पैठणने पैठणीला नाव दिले, तेथेच सोळाव्या शतकात एकनाथ होऊन गेले. काशीहून कावडीने आणलेले, रामेश्वराला वाहावयाचे गंगाजल त्यांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी घातले, अशी कथा महाराष्ट्र शतकानुशतके सांगत आला आहे. जीव तळमळत असता विधी थांबतो, असा निवाडा त्या कथेत आहे. जैन समाजातील अनेकांनी रेशीम वर्ज्य मानले; कांचीचे शंकराचार्य चंद्रशेखरेंद्र सरस्वती यांनीही रेशमी वस्त्रांचा त्याग करण्याचा उपदेश केला. तत्कालीन आंध्र प्रदेशातील कुसुमा राजय्या यांनी पतंग बाहेर पडल्यावर उरलेल्या कोशांचे सूत कातून अहिंसा रेशीम सिद्ध केले. त्यात अखंड तंतूची झळाळी कमी असते. परंतु झळाळी ही भक्तीची अट कधीच नव्हती.

यावर कोणी म्हणेल, नांगराच्या फाळाखालीही किडे मरतात, मग कापूस तरी निर्दोष कसा? आक्षेप खरा आहे. तथापि शेतातील हिंसा अनिच्छेने घडते व तिच्यावाचून पीक येत नाही, आणि कोशातील हिंसा जाणून, केवळ तलमपणासाठी केली जाते. हा भेद पुसून टाकता येत नाही. तसेच येवल्यातील विणकराच्या पिढीजात विद्येवर त्याचा संसार चालतो, हेही पुसता येत नाही. पश्चात्तापाच्या भरात त्याचा माग बंद पाडणे ही दया नव्हे.

म्हणून ज्याला पैठणी घ्यावयाची आहे त्याने ती यंत्रमागाची नक्कल न घेता हातमागाची घ्यावी, विणकराला त्याची मजुरी पुरती द्यावी, आणि आजीची पैठणी नातीने नेसावी इतकी ती जपावी. घेतलेल्या जिवांचे ऋण मानण्याची एवढी रीत आपल्या हाती आहे. पूजेला मात्र धुतलेले सुती वस्त्र वा धाबळी पुरे. रेशमाला सौंदर्याची सनद आहे, पावित्र्याची नाही.