त्रैराशिकापासून रेषेपर्यंत

पाच वह्यांना शंभर रुपये, तर आठ वह्यांना किती? असे प्रश्न सोडवण्याची रीत आपल्याकडे फार जुनी. इ. स. ४९९च्या ‘आर्यभटीया’त त्रैराशिकाचा नियम आहे : फलाला (इथे शंभर रुपये) इच्छेने (आठ वह्या) गुणावे, प्रमाणाने (पाच वह्या) भागावे. ११५०च्या सुमारास भास्कराचार्यांनी लिहिलेल्या ‘लीलावती’त याच रीतीचा पंचराशिक, सप्तराशिक असा विस्तारही दिला आहे. पण त्रैराशिकात तीन संख्यांवरून चौथी मिळाली की काम संपते. दोन राशी एकमेकींबरोबर कशा बदलत जातात, हे विचारावे लागत नाही. शून्य वह्यांना शून्य रुपये, हेही न बोलता धरलेले असते.

बदलाचेच चित्र काढण्याचा विचार चौदाव्या शतकात फ्रान्समधल्या निकोल ओरेम याने मांडला. काळ आडवा आणि वेग उभा दाखवला, तर एकसारख्या वाढणाऱ्या वेगाच्या आकृतीची वरची कड सरळ तिरकी येते. पुढे १६३७मध्ये देकार्तची ‘भूमिती’ प्रसिद्ध झाली आणि त्याच सुमारास फर्माने दाखवले, की दोन अज्ञातांचे पहिल्या घाताचे समीकरण म्हणजे सरळ रेषा. ही रेषा आरंभबिंदूतून जायलाच हवी असे नाही, आणि त्रैराशिक अपुरे पडते ते इथेच. २० अंश सेल्सियस म्हणजे ६८ अंश फॅरनहाइट. मग ४० म्हणजे १३६ का? नाही, १०४. दुपटीला दुप्पट होत नाही, तरी सेल्सियसच्या दर १० अंशांमागे फॅरनहाइटचे १८ अंश वाढतातच. रेषीय संबंधाची खूण आहे ती ही : समान पावलाला समान वाढ किंवा समान घट. समचलन, म्हणजे दुपटीला दुप्पट, हा त्याचा केवळ एक विशेष प्रकार.

आपल्या अभ्यासक्रमात समचलन आठवीत भेटते, दोन चलांतील रेषीय समीकरणे नववीत आणि रेषेचा चढ दहावीत. त्यामुळे प्रमाणाची सवय आधी मुरते. रेषीय संबंधही आधीच शिकवावा म्हटले, तर बारा वर्षांच्या मुलाला चढ आणि अक्षरांचे ओझे कशाला, असा आक्षेप कोणी घेईल. पण त्यासाठी अक्षरे लागतच नाहीत. दोन स्तंभांचा तक्ता आणि वजाबाकी पुरे. मीटरच्या रिक्षाचे किमान भाडे आणि त्यापुढचा दर यांतून सुरुवातीची रक्कम व वाढीचा दर वेगळे ओळखता आले, की समीकरण ही त्याच ओळखीची संक्षिप्त नोंद ठरते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : व्यवहारातले संबंध काटेकोर रेषीय असतात कुठे? वीजबिलात ठरावीक युनिटांनंतर दर बदलतो. खरे आहे, पण तो कुठे बदलला हे कळते तेही समान फरक तुटल्यामुळेच. वक्र ओळखण्याआधी सरळ म्हणजे काय हे ठाऊक असावे लागते. म्हणून माध्यमिक शाळेच्या उंबरठ्यावर ‘किती पट?’ या प्रश्नाबरोबरच ‘दर पावलाला किती?’ हा प्रश्नही शिकवायला हवा. पुढचे बीजगणित याच दुसऱ्या प्रश्नावर उभे आहे.