‘असताना’ची नैतिकता

दोन क्रिया एकाच वेळी घडल्या असे सांगताना भाषा केवळ काळाची नोंद करते, की त्या क्रियांमध्ये नाते प्रस्थापित करते? तुर्की व्याकरणाच्या संदर्भात हा प्रश्न विशेष स्पष्टपणे उभा राहतो. ‘-अराक/-एरेक’ हा प्रत्यय योजला की दोन्ही क्रियांचा कर्ता सामान्यतः एकच असतो आणि पहिली क्रिया दुसरीची रीत बनते : ‘युरुयेरेक गेल्दी’, म्हणजे ‘तो चालत आला’. ‘ग्युले ग्युले’ची द्विरुक्त रचना तर मराठी ‘हसत हसत’च्या जवळची आहे, निघणाऱ्याला निरोप देताना मागे राहणारा ती उच्चारतो.

‘-केन’ मात्र दोन भिन्न कर्त्यांना एका वाक्यात आणू शकतो. ‘बेन चालिशिरकेन सेन उयुयोरसुन’, म्हणजे ‘मी काम करत असताना तू झोपतोस’. येथे कालनिर्देशाबरोबर विरोध आहे, आणि म्हणून आरोपही. मराठी ‘असताना’लाही हा दुहेरी अर्थ आहे. दोन घटनांत कार्यकारणभाव नसूनही त्या परस्परांना जाब विचारू लागतात.

शिवाय या रचनेत एक क्रिया गौण होते. ‘तो रडत असताना ती लिहीत होती’ आणि ‘ती लिहीत असताना तो रडत होता’ ही विधाने घड्याळाच्या दृष्टीने सारखीच आहेत. नैतिक दृष्टीने नाहीत. पहिल्यात रडणे पार्श्वभूमी होते, दुसऱ्यात लिहिणे.

यावर आक्षेप घेता येईल : प्रत्येक क्षणी जगात असंख्य दुःखे घडत असतात, केवळ समकालिकतेने दोष लागत असेल, तर निर्दोष कोणीच उरणार नाही. आक्षेप रास्त आहे. दोष समकालिकतेतून नव्हे, तर दुसऱ्याच्या दुःखाचे ज्ञान आणि काही करण्याची शक्यता यांतून उद्भवतो. परंतु ते ज्ञान होते काय, हा प्रश्न विचारण्याची जागा ‘असताना’च निर्माण करतो.

अहमत हमदी तानपिनार यांच्या ‘हुझुर’ (१९४९) या कादंबरीत मुमताझचे खाजगी दुःख आणि दुसऱ्या महायुद्धाची चाहूल एकाच काळात वावरतात. यांपैकी मुख्य वाक्य कोणते आणि गौण कोणते, हे ठरवणे म्हणजेच कादंबरीचे मूल्यभान ओळखणे होय. कोणतीही कथनकृती सर्वच दुःखांना मुख्य क्रियापद देऊ शकत नाही. म्हणूनच कोणाचे दुःख ‘असताना’त ढकलले गेले, हा समीक्षेचा केवळ शैलीविषयक प्रश्न उरत नाही.