आवाज दुखतो

बेंबळीस एका पत्र्याच्या घरी आम्ही सायंप्रार्थनेस गेलो होतो. ढोलकी-टाळ सुरू होताच घरचा सहा वर्षांचा मुलगा कान झाकून किंचाळत बाहेर धावला. "बाई, मुलाला वळण लावा," आम्ही म्हणालो. आई हळूच उत्तरली, "फादर, त्याला आवाज दुखतो."

पूर्ण जाणीव व पूर्ण संमती यांवाचून गंभीर पाप घडत नाही, हे आम्ही सेमिनरीत शिकलो. मग या लेकराची संमती आम्ही कोठे पाहिली? जीन एअर्स या अमेरिकन उपचारतज्ज्ञ विदुषीने १९७२ च्या आपल्या ग्रंथात मांडले, की काही मुलांच्या मेंदूला ध्वनी, स्पर्श, हालचाल यांची सांगड घालणे जड जाते. कुणाला सदऱ्याची शिवणही टोचते. कुणी उलट भिंतीला अंग दाबून धरतो. त्यास हट्ट म्हणणे आपल्या सोयीचे, कारण मग आपणांस काहीच बदलावे लागत नाही.

मार्कच्या सातव्या अध्यायातील बहिऱ्याला प्रभूने आधी गर्दीतून एकीकडे नेले, मग त्याच्या कानांना स्पर्श केला. हा क्रम आम्ही कितीदा वाचला असेल!

पालकांना आम्ही बालरोगतज्ज्ञांकडे धाडले आहे. आता ढोलकीवर थाप पडण्यापूर्वी मुलाला सांगतो. तो दाराशी बसतो. कधी आत येतो, कधी येत नाही.