वासराच्या वाट्याचे

वसुबारशीला नांदेडला बहिणीकडे गेलो, तर भाचा मुंबईतल्या मुलाखतीसाठी संगणकावर हिशेब मांडत बसलेला. कंपनी कर्जाने विकत घ्यायची आणि कर्ज तिच्याच मिळकतीतून फेडायचे, असा तो हिशेब. २००० साली टाटा टीने ब्रिटनची टेटली २७.१ कोटी पौंडांना घेतली, तीही बव्हंशी कर्जावरच.

“मामा, नोकर कमी केले की फेड लवकर होते. पाचव्या वर्षी कंपनी विकून मोकळे!”

मला लातूरची आमची गाय आठवली. वडिलांनी ती कर्जाने घेतली होती. हप्ते तिच्याच दुधावर फिटले, माझी दहावीही त्याच दुधावर झाली. फक्त वासरू दगावले.

“वासराच्या वाट्याचे दूध कुठल्या रकान्यात धरलेस?” मी विचारले.

तो हसला, मग गप्प झाला. मीही. कर्जाला पाप म्हणण्याचा अधिकार मला कुठला? पण सही एकाची आणि उपास दुसऱ्याचा, असे कर्ज फिटले तरी फिटत नाही.

सायंकाळी बहिणीने गाय-वासराला ओवाळले. परत येऊन पाहतो, तो भाच्याने पगाराची ओळ पूर्ववत केली होती. फेड दोन वर्षे लांबली होती.

“मुलाखतीत कारण विचारले तर?”

“गाईचे सांग,” मी म्हणालो.