पेक्षा

बदनापूर तालुक्यातल्या एका गावची जिल्हा परिषदेची शाळा. आठवीचा वर्ग, इंग्रजीचा तास. आपल्या गावच्या पिकाची कशाशी तरी तुलना करणारं एक वाक्य ज्याचं त्यानं लिहायचं होतं. मोसंबीवाल्याची पोर सगळ्यांच्या आधी उभी राहिली.

‘द मोसंबी ऑफ जालना इज स्वीटर दॅन नागपूर.’

‘नागपूर चाटून पाहिलंस का गं?’ सर म्हणाले.

वर्ग हसला. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालंय हे पोरीला पाठ होतं, त्यामुळे चुकलं काय ते तिला कळेना. सरांनी ‘दॅन’च्या दोन्ही बाजूंना बोट ठेवलं. अलीकडे एक फळ, पलीकडे अख्खं शहर. तिनं घाईघाईनं दुरुस्त केलं, ‘दॅन दॅट ऑफ नागपूर.’

‘व्याकरण सुटलं. पण ‘दॅट’ म्हणजे कोण? आधी मोसंबी आलीय, म्हणजे ‘दॅट’ही मोसंबीच. तुला नागपूरचं संत्रं म्हणायचंय ना? मग त्याचं नाव घे.’

मराठीत आपण ‘नागपूरपेक्षा’ म्हणून मोकळे होतो आणि ऐकणारा मधलं संत्रं पदरचं घालून घेतो. जपून बोलणारा ‘नागपूरच्यापेक्षा’ म्हणतो. ‘दॅट ऑफ’चं ओझं तो एवढासा ‘च्या’ उचलतो. तो गाळला तरी मराठीत कुणी अडवत नाही, म्हणून तो गाळायची आपल्याला सवय झालीय.

मग एकानं लिहिलं, ‘जालना इज बिगर दॅन एनी टाउन इन द डिस्ट्रिक्ट.’ सर म्हणाले, ‘जालनाही जिल्ह्यातच आहे. म्हणजे जालना जालन्यापेक्षा मोठं? ‘एनी अदर’ म्हण. आणि १ मे १९८१च्या आधी लिहिलं असतंस, तर ‘अदर’ घालूनही खोटंच ठरलं असतं. तेव्हा आपण औरंगाबाद जिल्ह्यात होतो.’

‘मोअर स्वीटर’ तर निम्म्या वर्गानं लिहिलं होतं. यात पोरांना फार बोल लावू नये. मराठीत गोड ते गोडच राहतं, सगळं काम ‘पेक्षा’ करतो. तुलनेसाठी विशेषणाचं रूप बदलायची संधी पहिल्यांदाच मिळाली की पोरं ते दोनदा बदलतात.

तास संपता संपता सर म्हणाले, ‘आपल्या बदनापूरच्या संशोधन केंद्रात तुरीचं बीडीएन ७११ वाण निघालं. नवं वाण नुसतं पेरून चांगलं म्हणत नाहीत. शेजारी माहितीतलं जुनं वाण लावतात, त्याला तुल्य वाण म्हणतात. तीच जमीन, तीच पेरणी, तेवढंच अंतर. एवढं केल्यावर मग ‘पेक्षा’ म्हणायचं. ज्याला इतकी खटपट करायची नाही त्यानं पहिल्या डिग्रीत राहावं. ‘स्वीट’. तिला शेजारी लागत नाही.’

पोर घरी आली तर आबा ओसरीवर गप्प बसलेले. आंबे बहाराचा माल चार दिवसांपूर्वीच गेला होता. त्यांनी बाग व्यापाऱ्याला बागेवरच दिली होती, सरसकट वीस हजार रुपये टनानं.

‘आपल्यापेक्षा तीन हजारांनी जास्त घेतला त्यानं,’ आबा म्हणाले. ‘बांधाशेजारच्यानं. जालन्याच्या मार्केटला तेवीस हजार. मीच येडा.’

आई म्हणाली, ‘जेवून घ्या.’ आबा जेवले नाहीत.

शेजाऱ्याचा पोरगा तिच्याच वर्गात होता. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिनं त्याला विचारलं, आणि विक्रीच्या पट्टीवरचे आकडे त्यानं तोंडपाठ सांगितले; घरात बऱ्याच वर्षांनी पट्टी आली होती, ती सगळ्यांनी वाचली होती. संध्याकाळी तिनं वहीचं मागचं पान उघडलं.

‘आबा, तुमच्या वाक्यात ‘दॅट ऑफ’ नाही.’

‘काय नाही?’

‘तेवीस हजार हा मोठ्या फळाचा भाव हाय. आपला वीस सरसकट, बारीक-मोठं सगळं. त्यांचा माल चार टन. तीन टन तेवीस हजारानं गेला, एकोणसत्तर हजार. एक टन बारीक निघाला, तो नऊ हजारानं. झाले अठ्ठ्याहत्तर हजार. तोडणी, गाडीभाडं, हमाली, तोलाई त्यांच्या पदरची, टनाला दोन हजार. आठ हजार गेले. हातात सत्तर हजार. भागिले चार.’

आबांनी वही ओढून घेतली. साडेसतरा हजार. व्यापाऱ्यानं तोडणीसुद्धा स्वतःच्या खर्चानं केली होती, हे त्यांना आत्ता आठवलं. टनाला अडीच हजारांनी ते वर होते. त्यांनी पान हलक्या हातानं फाडलं, घडी करून खिशात घातलं आणि चपला पायात सरकवल्या.

‘कुठं निघाले?’ आईनं विचारलं.

‘बांधापर्यंत जाऊन येतो.’

‘पेक्षा’ची गंमत अशी की तो एकदा आपल्या बाजूनं पडला की जेवणही गोड लागतं आणि पायही उचलतात.

शेजारी बागेतच होता. त्याची झाडं आबांच्या झाडांच्या खांद्याला येतील एवढी. २०१२-१३च्या दुष्काळात या भागातल्या मोसंबीच्या कितीतरी बागा वाळल्या, त्यात त्याचीही गेली होती. विहिरीनं तळ दाखवल्यावर त्यानं टँकर लावले, पैसे संपल्यावर हात टेकले, आणि वाळकी खोडं तोडून सरपण म्हणून विकली. आबांची बाग उताराला होती, तिच्या विहिरीत घागरभर का होईना पाणी राहिलं. ही त्याची नवी लागवड, आणि हा तिचा पहिला बहार.

आबांना पाहून तो उठला. ‘या भाऊ! तुमच्याकडंच येणार होतो.’ खोपीतून त्यानं टोपली आणली. ‘पाच फळं राजूरच्या गणपतीला ठेवली. ही तुमची. परवा पारावर तुम्हाला बोललो ना, तेवीस हजार मिळाला म्हणून? रात्रभर झोप नाही लागली बघा. सात वर्षांनी मोसंबीचा पैसा हातात घेतला.’

आबा परवाचं बोलणं आठवत उभे राहिले. पारावर हा एवढंच म्हणाला होता, तेवीस हजार मिळाला. कुणापेक्षा, ते त्यानं म्हटलं नव्हतं. ते घरी येईपर्यंत वाटेत कुणीतरी जोडलं होतं.

खिशातल्या कागदाला हात लागला. आबांनी तो बाहेर काढला नाही.

शेजाऱ्यानं एक फळ सोलून पुढं केलं. साल जाड होती, फळ जरा लहानच. आबांनी दोन फोडी तोंडात टाकल्या.

‘कशी हाय?’

‘गोड.’

तेवढ्यात पोर बांधावरून धावत आली, आईनं बोलावणं पाठवलं होतं. तिनं शेवटचा शब्द ऐकला आणि सवयीनं विचारलं, ‘कशापेक्षा?’

आबांनी उरलेली फोड तिच्या हातावर ठेवली.

‘नुसती गोड.’